आधी छप्पर, मग पितळी खांब

जुन्या बंबखान्यासमोर उभा राहिलेला माणूस वर बघतो. वर बघण्यासारखं असतंच: कमान, दगडात कोरलेला केंद्राचा क्रमांक, होज, म्हणजे पाणी मारायच्या कापडी नळ्या, वाळवायचा मनोरा. माझं म्हणणं, आधी खाली बघावं. उंबऱ्याच्या दगडावर लोखंडी धावेच्या चाकांनी पाडलेले दोन उथळ चर दिसतात. आतली जमीन सपाट नसते. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून तिला मोरीकडे हलकासा उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, खुर्ची मांडली आणि ती डुगडुगली की कळतो. भिंतीत घोडे बांधायच्या कड्या असतात. आणि मग मान वर केलीच तर तक्तपोशीत एक गोल ठिगळ. जवान ज्यावरून घसरत खाली उतरत तो खांब तिथून खाली यायचा.

अशी वास्तू रिकामी पडली की दोन सूचना ठरलेल्या. एक, पाडून टाका. दुसरी, कलाकेंद्र करा. मी दुसऱ्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. पण आमच्या बाजूची माणसं ज्या पद्धतीनं कामाला लागतात ती पाहून मला पुष्कळदा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आठवते. पैसा, उत्साह, वर्तमानपत्रातले फोटो, सगळं त्या पितळी खांबाभोवती, लाल दाराभोवती आणि दर्शनी भिंतीभोवती गोळा होतं. गळकं छप्पर, बाहेर पडायचा दुसरा जिना, स्वच्छतागृहं आणि पाचव्या वर्षीचं वीजबिल कोण भरणार हा प्रश्न, हे सारं ‘नंतर बघू’च्या खात्यात जातं.

या इमारतींचं रूप कामातून घडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणारे पंप आले आणि ते ओढायला घोडे आले. पंप आणि घोडे एकाच छताखाली, तळमजल्यावर. घंटा वाजल्याबरोबर घोडे जुंपून बाहेर पडायचं, म्हणून मधे अडथळा नको. म्हणून तो रुंद, उंच, मोकळा मजला. वर जवानांच्या झोपायच्या खोल्या, त्याच्याही वर गवताचा माळा. घोडे जिना चढून वर येऊ नयेत म्हणून कित्येक ठिकाणी गोल जिने केले गेले असं सांगतात. कापडी होज ओले राहिले तर कुजत, म्हणून ते उभे टांगायला मनोरा. खांबाची गोष्टही गवतातूनच निघाली. शिकागोतल्या 21 क्रमांकाच्या तुकडीत, जिच्यातले जवान कृष्णवर्णीय होते, एक जवान गवत बांधायच्या दांड्यावरून घसरत खाली आला. इतरांच्या आधी तो खाली पोचला हे तुकडीचे कॅप्टन डेव्हिड केनियन यांनी हेरलं आणि 1878 मध्ये तिथे कायमचा खांब बसवून घेतला. तो लाकडी होता. पितळी खांब बॉस्टनला 1880 मध्ये आला. आज ज्याच्यासाठी देणगीदार सहज मिळतो तो खांब म्हणजे एका गवताच्या दांड्याची सोय होती, एवढं लक्षात असलं तरी पुरे.

मग घोडे गेले. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलानं आपले शेवटचे घोडे डिसेंबर 1922 मध्ये निवृत्त केले. मोटारीचे बंब आले, ते दर पिढीत लांब, रुंद आणि जड होत गेले. घोडागाडीच्या मापानं बांधलेल्या दारातून ते शिरेनात, आणि तळघरावर टाकलेली जुनी जमीन त्यांचं ओझं पेलेना. काही ठिकाणी दार रुंद केलं, तुळया बदलल्या. जिथे ते परवडलं नाही तिथे नवं केंद्र बांधलं आणि जुनं कुलूपबंद झालं.

आता मी या बाजूची का, ते सांगते. कारण वास्तुशैली हे नाही. कारण नकाशा आहे. शहरातली नाट्यगृहं, संग्रहालयं, कलादालनं एका भागात दाटीनं उभी राहतात. जिथे पैसा आणि प्रेक्षक असतात तिथे. बंबखान्यांना ही मुभा नव्हती. आग कुठेही लागते, आणि घोडा ठराविक अंतरच दौडू शकतो. त्यामुळे बंबखाने शहरभर विखुरले गेले: गिरणीच्या वस्तीत, बंदराच्या कडेला, जिथे एरवी कुणी सांस्कृतिक म्हणून काही बांधलंच नसतं अशा गल्लीत. घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, रस्त्याला तोंड करून उभी, मोठं दालन आणि भलंमोठं दार असलेली, सार्वजनिक मालकीची इमारत. आज मुद्दाम ठरवून अशी जागा वस्तीच्या मधोमध मिळवायला गेलं तर ती कुठल्या पालिकेला परवडेल?

पण हेच गुण दुसऱ्यांनाही दिसतात, आणि त्यांच्याकडे रोख पैसे असतात. लंडनमधलं मँचेस्टर स्क्वेअरचं अग्निशमन केंद्र 1889 चं. ते 2005 मध्ये बंद झालं आणि काही वर्षांनी तिथे चिल्टर्न फायरहाउस हे उंची हॉटेल उभं राहिलं, नटनट्यांच्या वर्दळीसाठी प्रसिद्ध. (त्याच हॉटेलला 14 फेब्रुवारी 2025 ला आग लागली आणि विझवायला शंभराहून अधिक जवान आले. बंबखान्यालाच बंब बोलवावा लागला. यावर वेगळं भाष्य नको.) डेट्रॉइटच्या अग्निशमन दलाचं 1929 चं मुख्यालयही 2017 पासून हॉटेल आहे. दोन्ही ठिकाणी वास्तू देखणी राखली गेली, याबद्दल तक्रार नाही. विटा वाचल्या. पण पूर्वी ज्या दारातून, कुणाच्याही हाकेला, माणसं धावत बाहेर पडत, त्या दारातून आत जायला खिसा जड लागू लागला. ‘वास्तू वाचली’ म्हणताना नेमकं काय वाचलं हे विचारायला हवं.

एका जुन्या सार्वजनिक वास्तूच्या समितीवर मी काही काळ होते. एका बैठकीत दाराच्या लाल रंगाची छटा कोणती, यावर दोन तास चर्चा झाली. मूळ रंगाचे पापुद्रे खरवडून आणले होते, भिंग होतं, तज्ज्ञ होते. पन्हळ फुटली आहे आणि पाणी मागच्या भिंतीत मुरतं आहे हा विषय शेवटी निघाला, तेव्हा निम्मी मंडळी उठली होती. पुढच्या पावसाळ्यात त्या मागच्या भिंतीचं प्लास्टर खोलीत येऊन पडलं. दार मात्र अगदी बरोबर लाल होतं. त्या दोन तासांत मीही हिरिरीनं बोलले होते, हे कबूल करायला हवं. रंगावर मत असणं सोपं असतं. पन्हळीवर मत असायला शिडी चढावी लागते.

आता थोडं शिडीवर. जुन्या विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना विटेपेक्षा मऊ. भिंत तापते, थंडावते, किंचित हलते, तेव्हा तो ताण चुना सोसतो आणि आतली ओलही सांध्यांतून बाहेर पडू देतो. नंतर कधीतरी कुणीतरी ‘मजबुती’साठी त्या सांध्यांत सिमेंट भरतं. सिमेंट कडक आणि जवळजवळ बंद. ओल मग विटेतूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागावर साचतात, आणि काही वर्षांत विटेच्या तोंडाच्या खपल्या निघू लागतात. सिमेंटची जाळी तेवढी पुढे, वीट मागे गेलेली. हे काढून पुन्हा चुन्यानं सांधे भरणं हे संथ, महाग, हातानं करायचं काम आहे. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण जीर्णोद्धार म्हणतात तो हाच. छप्पर, पन्हळ, सांधे, पाया. पाणी बाहेर ठेवलं की इमारत शंभर वर्षं थांबायला तयार असते.

दुसरी गोष्ट माणसांच्या संख्येची. बंबखान्यात पंधरा-वीस धट्टेकट्टे, प्रशिक्षित जवान राहत, आणि त्यांना अंधारातही प्रत्येक पायरी पाठ असे. कलाकेंद्रात दीड-दोनशे अनोळखी माणसं येणार: म्हातारी, पोरं, चाकाच्या खुर्चीतली, अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसलेली. एकच लाकडी गोल जिना त्यांना पुरणार नाही. दुसरा बंदिस्त जिना हवा, लिफ्ट हवी, नवी वायरिंग हवी. तो लाडका खांब ज्या भोकातून येतो ते भोक म्हणजे आग लागल्यावर धूर वर नेणारं धुराडं. ते बुजवायलाच हवं. जिथे अजून दल काम करतं अशा पुष्कळ केंद्रांतून खांब काढून टाकले गेले, कारण त्यांवरून घसरताना जवानांचे पाय मोडत. तेव्हा भोक बंद करून खाली खांब तेवढा उभा ठेवला तर इतिहासाचा अपमान होत नाही. त्याभोवती काचेची नळी उभारायचा प्रस्ताव आला तर तो पैसा लिफ्टकडे वळवावा.

इथे संवर्धनवाल्यांचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. लिफ्टसाठी जमीन फोडायची, जिन्यासाठी खोली कापायची, मग राहिलं काय? वास्तुसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेचं पाचवं कलम म्हणतं की वास्तूला समाजोपयोगी काम दिलं तर तिचं जतन सोपं होतं, पण त्या कामानं तिची रचना किंवा सजावट बदलता कामा नये. मला यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के मान्य आहे आणि दुसरं बंबखान्याला जसंच्या तसं लावता येत नाही असं वाटतं. हा राजवाडा नव्हे. या इमारतीनं वाफेसाठी पागा पाहिली, मोटारीसाठी पागा मोडली, दार दोनदा रुंद केलं, मनोऱ्याचा उपयोग गमावला. कामासाठी बदलणं हीच तिची परंपरा. तिच्यात आज लिफ्ट बसवली तर ती आधीच्या दुरुस्त्यांच्या रांगेत बसते. मात्र एक गोष्ट मी संवर्धनवाल्यांच्या हातून सुटू देणार नाही: तळमजल्याचा तो अखंड मोकळा मजला. त्याच्यात भिंती घालून कार्यालयाची खुराडी केली की मग इमारतही गेली आणि कलेची जागाही गेली.

पैशाकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे. बांधकामाला पैसा मिळतो. चालवायला मिळत नाही. बांधकामाला कोनशिला असते, फीत असते, देणगीदाराचं नाव असतं. सफाई कामगाराच्या पगारावर कुणाचं नाव कोरत नाहीत. त्यात सरकारी सवलतीही वाकड्या. अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूच्या दुरुस्तीखर्चावर 20 टक्के केंद्रीय करसवलत मिळते, पण फक्त उत्पन्न देणाऱ्या वास्तूंना. हॉटेलला ती सरळ लागू होते. ना-नफा कलासंस्था मुळात करच भरत नाही, मग करसवलत घेऊन करणार काय? तिला कर भरणारा गुंतवणूकदार भागीदार शोधावा लागतो, वकील नेमावे लागतात, करारांची चळत उभी राहते. म्हणजे जिच्या हाती पैसा कमी तिच्या वाट्याला कागद जास्त.

म्हणून माझी मागणी चार लोकांना रुचणार नाही अशी आहे. पूर्ण जीर्णोद्धार करूच नका. पाणी बाहेर ठेवण्यापुरता, माणसं सुखरूप आत-बाहेर करण्यापुरता खर्च करा आणि थांबा. उरलेला पैसा बँकेत ठेवून त्यावर केंद्र चालवा. भिंतीचा रंग उडालेला राहू दे. दोन खोल्या बंद राहू देत. वापर जसा मुरेल तसं पुढचं काम ठरवा, कारण कुठल्या खोलीत ढोल वाजणार आणि कुठल्या खोलीत चित्रं सुकणार हे वास्तुविशारदाला पहिल्या दिवशी माहीत नसतं. ते तिथे येणाऱ्या माणसांनाही माहीत नसतं.

ही हवेतली कल्पना नव्हे. न्यूयॉर्कमध्ये लाफायेट स्ट्रीटवर 31 क्रमांकाच्या तुकडीचं 1895 चं केंद्र आहे, वास्तुविशारद नेपोलियन लब्रन यांच्या कार्यालयानं फ्रेंच गढीसारखं रचलेलं, टोकदार छपराचं. डाउनटाउन कम्युनिटी टेलिव्हिजन सेंटर ही माहितीपट शिकवणारी आणि बनवणारी संस्था 1972 मध्ये सुरू झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस या वास्तूत आली. तिथे वस्तीतल्या लोकांना कॅमेरा हाती धरायला शिकवणं आधी सुरू झालं. तळमजल्यावर माहितीपटांसाठी 67 खुर्च्यांचं चित्रपटगृह उघडलं ते 2022 मध्ये. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं वास्तू वापरात होती आणि सगळ्यात दिमाखदार काम सगळ्यात शेवटी झालं. याच्या उलट क्रमानं गेलेली किती केंद्रं दुसऱ्या वर्षी लग्नसमारंभांना दालन भाड्यानं देऊ लागतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

‘मग पडक्या जागेतच कला फुलते’ असाही एक लाडका समज आहे, त्याच्या नादी लागू नये. 1963 मध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलनं न्यूयॉर्कमध्येच एक सोडून दिलेला बंबखाना स्टुडिओ म्हणून भाड्यानं घेतला होता. छप्पर गळत होतं. तो लवकरच तिथून निघून गेला. मी छपराला पहिला नंबर देते त्यामागे हेही आहे.

आत कोण येणार, हा प्रश्न मात्र छपरानं सुटत नाही. लंडनमध्ये पेकहॅम रोडवरचं 1867 चं केंद्र शहरातलं टिकून असलेलं, त्याच कामासाठी बांधलेलं सर्वांत जुनं अग्निशमन केंद्र मानतात. समोरच्या साउथ लंडन गॅलरीला ते एका निनावी दात्याकडून मिळालं आणि 2018 मध्ये दालन म्हणून उघडलं. प्रवेश मोफत. दात्यानं स्वतःचं नाव लावलं नाही हे मला त्या वास्तूपेक्षा कमी महत्त्वाचं वाटत नाही. ऑक्सफर्डमध्ये जुन्या अग्निशमन केंद्रात 2011 पासून कलासंस्था आणि बेघरांसाठी काम करणारी ‘क्रायसिस’ ही संस्था एकाच छताखाली आल्या. नाटक बघायला आलेला माणूस आणि डोक्यावर छप्पर नसलेला माणूस एकाच दारातून आत येऊ लागले. अशा शेजारानं कुरकुरी होत असणारच. होऊ देत. कलाकेंद्राचं दार फक्त कलाप्रेमींसाठी असेल तर त्यासाठी सार्वजनिक वास्तू द्यायची गरज नाही.

न्यूयॉर्कच्या वूस्टर स्ट्रीटवरचा 1881 चा बंबखानाही आठवतो. 1971 मध्ये समलिंगींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्सनं तो भाड्यानं घेतला. सभा, चित्रपट आणि शनिवारी रात्री नृत्य. त्या नृत्याच्या तिकिटांवर बाकीचं काम चाले. ऑक्टोबर 1974 मध्ये कुणीतरी तिथे आग लावली आणि ते केंद्र संपलं. शहरानं त्या वास्तूला संरक्षित दर्जा दिला 2019 मध्ये. तो मिळाला तो मुख्यतः त्या तीन-साडेतीन वर्षांसाठी. नव्वद वर्षांच्या विटा होत्याच. किंमत आली ती आतल्या गर्दीमुळे.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड. कलाकेंद्राचं गाजर दाखवून चालू बंबखाने बंद केले जात नाहीत ना? ही भीती खोटी नाही. लंडनमध्ये जानेवारी 2014 मध्ये एका दिवसात दहा केंद्रं बंद झाली. त्यांतलं क्लर्कनवेलचं 1872 पासून चालू होतं. जिथे बंबाची गरज आहे तिथे नाटक नको, बंब हवा, हे कलावाल्यांनी स्वतःहून आणि मोठ्यानं म्हणायला पाहिजे. तसं न म्हणता रिकाम्या इमारतीची वाट बघत बसणं मला गिधाडासारखं वाटतं.

ब्रुकलिनमधल्या वाइथ अव्हेन्यूवरच्या 212 क्रमांकाच्या तुकडीची हकीकत म्हणूनच मला या सगळ्या वादाच्या मुळाशी नेते. 1975 मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर असताना ते केंद्र बंद करायचा हुकूम निघाला. कामगारवस्ती, लाकडी घरं. बंब गेला तर काय होईल हे सगळ्यांना दिसत होतं. रहिवासी केंद्रात शिरले आणि त्यांनी बंब बाहेर जाऊच दिला नाही. वर्षाहून अधिक काळ ते तिथे राहिले. त्या जागेला ‘पीपल्स फायरहाउस’ हे नाव पडलं, तिथून भाडेकरूंचे, घरांचे प्रश्न हाती घेणारी संघटना उभी राहिली, आणि 1977 मध्ये शहराला केंद्र पुन्हा सुरू करावं लागलं. 2003 मध्ये ते शेवटी बंद झालंच. त्यानंतर तिथे सामुदायिक आणि सांस्कृतिक केंद्र व्हावं म्हणून ज्या संस्था पुढे आल्या त्यांत तीच संघटना होती. आराखडे आले, निधीची जुळवाजुळव सुरू झाली, वर्षं जात राहिली. पण 1975 च्या त्या हिवाळ्यात, कसलाही आराखडा नसताना, वस्तीतली माणसं पाळ्या लावून त्याच इमारतीत जागत होती. खाली बंब उभा होता, वर बिछाने पडले होते आणि दार आतून बंद होतं.